कानबाईच्या मागचा कॉम्प्युटर

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला पुढच्या खोलीतला ईशान्येचा कोपरा मिळाला, आणि तोही केवळ तिथे प्लगचा बोर्ड होता म्हणून. तो कोपरा देवाचा, असं मायचं म्हणणं होतं. देवाला करंट लागत नाही, असं अप्पांचं. अप्पा म्हणजे माझे वडील. तापीच्या काठी, प्रकाशा गावाच्या अलीकडे आमची शेती होती, पण अप्पांचा जीव शेतीपेक्षा मोटारीत. गल्लीतल्या कोणाच्याही विहिरीवरची मोटार बंद पडली, स्टार्टर उचलेनासा झाला, की आधी अप्पांना बोलावणं यायचं. इतर बापांच्या खिशाला पेन असायचं, अप्पांच्या खिशाला टेस्टर. लग्नाला जातानासुद्धा ते टेस्टर काढत नसत, आणि मांडवातले दिवे गेले की त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरायचा तो नवरदेवाच्याही चेहऱ्यावर नसायचा. विजेवर चालणारी जगातली प्रत्येक वस्तू ही मुळात पाण्याची मोटारच आहे, बाकी सगळा वरचा पत्रा, अशी त्यांची ठाम समजूत होती. आज मला वाटतं, ती पुष्कळशी खरीही होती. पण पुष्कळशीच.

कॉम्प्युटर माझ्या थोरल्या भावाचा. त्याला सगळं घर जिभाऊ म्हणायचं, आमच्याकडे थोरल्या भावाला म्हणतातच तसं. जिभाऊने बी.ए.च्या मधूनच कॉलेज सोडलं, आणि कॉलेजनेही त्याला फार आग्रह केला नाही. मग तो शहाद्याला एका क्लासात लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग शिकला. मिक्सिंग म्हणजे कॅमेरावाल्याने जे लग्न जसं झालं तसं टिपलेलं असायचं, त्यातली रडकी पोरं, पंगतीतली भांडणं आणि पंख्याचा आवाज काढून टाकायचा, आणि त्या जागी हंस, गुलाब, बर्फाचे डोंगर आणि सनई घालायची. या कामाला साधा कॉम्प्युटर पुरत नाही, चित्र अडखळतं, म्हणून जिभाऊने त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं होतं. तळहातापेक्षा थोडी मोठी हिरवी पाटी आणि तिच्यावर एक चिमुकला पंखा. हे काही अप्पांना पटलं नव्हतं. एवढा मोठा डबा विकत घेतल्यावर त्याच्या पोटात पुन्हा वेगळी पाटी कशाला, कंपनीने मूळचं दिलेलं काय वाईट होतं, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत. तो डबा सुरू झाला की घरभर घूं असा आवाज भरायचा, आणि माय चुलीपुढे बाजरीची भाकरी थापता थापता म्हणायची, बसला बाई आपला पाहुणा कामाला. दुपारी त्या घूंमध्ये मी अभ्यासाला बसत असे. मला अजूनही पूर्ण शांततेत वाचता येत नाही.

त्या वर्षी मात्र त्या डब्यावर घरातलं एक माणूस टांगलेलं होतं. माझा मामा सुरतेला, उधन्याला राहायचा, साड्यांच्या मार्केटात त्याची चांगली ओळख होती. आमच्याकडची अर्धी पोरं सुरतेलाच जातात, त्यात नवल नव्हतं. अप्पांनी मामाशी बोलणं करून ठेवलं होतं की जिभाऊच्या या हंसगुलाबांतून कानबाईपर्यंत काही निघालं तर ठीक, नाहीतर कानबाई उठली की सोमवारच्या गाडीने पोरगा तिकडे. जिभाऊने हो म्हटलं होतं. तो सगळ्यालाच हो म्हणायचा, म्हणून त्याच्या मनात काय आहे हे कळायला त्याच्या ताटाकडे पाहावं लागे, आणि त्या दिवसांत तो एका भाकरीवर उठत होता. मला तो जायला नको होता. मी हे कोणाला सांगितलं नाही, पण मामाचा फोन आला की मी तो उचलून आवाज येत नाही म्हणून ठेवून देत असे.

काम मात्र एक आलं होतं आणि ते घरचंच होतं. अप्पांचे चुलतभाऊ हिरामणकाका, त्यांच्या बेबीचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं, ती नवापूरला दिली होती. तिच्या सासरी कोंबड्यांची मोठी पोल्ट्री. बेबी आणि जावई कानबाईला येणार, त्या दिवशी सगळी भाऊबंदकी, म्हणजे कुळातली सगळी घरं, एकत्र असणार, तेव्हा तिच्या लग्नाची सीडी सगळ्यांसमोर टीव्हीवर लावायची असं ठरलं होतं. कोंबड्या सोडून जावई एकच दिवस राहू शकत होता. जिभाऊने मिक्सिंग पुरं केलं होतं, फक्त सीडी काढायची बाकी होती.

आता कानबाई म्हणजे काय हे खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्ही नारळाची देवी बसवतो, तिला नथ, साडी, दागिने घालतो, केळीच्या खांबांची मखर करतो आणि सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेतो. त्या दिवशीच्या जेवणाला रोट म्हणायचं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू मोजून काढायचे, त्यांच्याच पुरणपोळ्या, सोबत खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी, आणि ते खायचं फक्त भाऊबंदांनी. बाहेरच्याला त्यातला घासही द्यायचा नाही. बाईच्या नावाने गहू निघत नाहीत. देवी बाई, राबणाऱ्या बाया, आणि गहू तेवढे पुरुषांच्या नावाचे, हे मी तेव्हाही बोलून दाखवत असे आणि आजही दाखवते, आजवर कोणी धड उत्तर दिलेलं नाही. त्या वर्षी जिभाऊच्या नावाचे गहू काढताना मायचा हात मापातच राहिला. पुढच्या वर्षी त्याच्या नावाचे निघतील, पण खायला तो असेल का, एवढंच ती म्हणाली आणि पदराने नाक पुसलं.

कानबाईआधी घर पांढरं करायचंच. शनिवारी सगळं सामान ओट्यावर निघालं. जिभाऊ कोऱ्या सीड्या आणि त्यांची कव्हरं आणायला शहाद्याला गेला होता, तेव्हा कॉम्प्युटर सोडवायचं आणि परत जोडायचं काम अप्पांनी आपल्याकडे घेतलं. विजेच्या कामाला ते दुसऱ्याचा हात लागू देत नसत. संध्याकाळी चुना वाळला, डबा कोपऱ्यात गेला, त्याचा पडदा शेजारच्या पत्र्याच्या पेटीवर, आणि अप्पांनी एकेक वायर बसवून तिचे दोन्ही स्क्रू असे आवळले की जिभाऊला आयुष्यात पुन्हा वायर निसटण्याची काळजी नको. चालू करून बघायला लाइट नव्हती. भारनियमनाचे दिवस होते, आमच्याकडे लाइट पाहुण्यासारखी यायची आणि जेवायच्या आत निघून जायची. ती रविवारी सकाळी आली, आणि सणाचा मान राखून दिवसभर टिकली. तोवर मायने पहाटेच न्हाऊन त्याच ईशान्येच्या कोपऱ्यात, डब्याच्या बरोबर पुढ्यात, चौरंग मांडून कानबाई बसवली होती. इतके दिवस तिचा कोपरा त्या डब्याने बळकावला होता, तो तिने असा परत मिळवला.

जिभाऊने बाजूने हात घालून बटण दाबलं. घूं सुरू झालं. हिरवा दिवा लागला. आतला पंखा फिरायला लागला. पडदा मात्र काळाच राहिला, त्याच्या कोपऱ्यातला बारका नारिंगी दिवा तेवढा मिचमिचत होता. जिभाऊने बंद करून पुन्हा चालू केलं. घूं, हिरवा दिवा, काळं. मग अप्पा पुढे झाले, डब्याला कान लावावा तसे वाकले आणि त्यांनी निकाल दिला.

“आवाज शे, पन पानी नही. फेज गया.”

डबा मागून बघायचा तर कानबाईला हलवावं लागणार होतं. जिभाऊने नुसतं मायकडे पाहिलं, तर ती म्हणाली, “देवी बसनी. आते सोमवारलगुन तठलं काहीच हालाडानं नही.” तिच्या या बोलण्यावर अपील नसायचं. मखर आणि भिंत यांच्यात एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट होती. तिथून डब्याचं बाजूचं झाकण काढता येत होतं, पण पाठ भिंतीला जवळजवळ टेकलेली. त्या फटीतूनही जायचं तर हातपाय धुऊन जायचं, अंगावर चामडं नको, अशी मायची अट. जिभाऊ हातपाय धुऊन आत गेला, झाकण काढलं, कार्ड ओढून बाहेर काढलं, फुंकलं, परत बसवलं. मी बाहेरून बॅटरी धरली होती. काळंच.

एव्हाना भाऊबंदकी जमायला लागली होती आणि प्रत्येकाला कॉम्प्युटरचं काहीतरी कळत होतं. कोणी म्हणालं ओल धरली असेल, श्रावण आहे. त्यावर एका काकूने ते कार्ड गरम राखेजवळ ठेवायला सांगितलं आणि ते खरंच थोडा वेळ चुलीशेजारी ठेवलं गेलं, पुरणाच्या पातेल्यालगत. कोणी म्हणालं, चुन्याचा वास बाधला. हिरामणकाका दर थोड्या वेळाने आत येऊन काळ्या पडद्यासमोर उभे राहत आणि मग कानबाईला हात जोडून बाहेर जात. त्यांनी दोनशे माणसांत सांगून ठेवलं होतं. शेवटी जिभाऊने शहाद्याच्या क्लासमधल्या त्याच्या सरांना फोन केला. सर भले माणूस, रविवार असून मोटरसायकलवर चिखल तुडवत आले. त्यांचे पाय धुवायला मायने स्वतः तांब्या दिला आणि मग हळूच पट्टा काढून ठेवायला सांगितलं, कारण तो चामड्याचा होता. सरांची पँट कमरेला ढिली. त्यामुळे त्यांनी एका हाताने पँट धरली आणि एका हाताने दुरुस्ती केली.

सरांची पद्धत त्या काळच्या सगळ्या कॉम्प्युटरवाल्यांची होती. त्यांनी खिशातून शाळकरी पोरांचं खोडरबर काढलं, कार्डाच्या कडेच्या सोनेरी दातांवर ते खसाखसा घासलं, दात चकचकीत केले आणि कार्ड परत दाबून बसवलं. अजूनही निम्मी दुरुस्ती याच्यावरच चालते आणि बऱ्याचदा चालूही होतं. तिकडे मखरीपुढे बाया कानबाईची गाणी म्हणत होत्या, नवीन आलेली माणसं दर्शनाला वाकत होती, आणि देवीच्या मागून सरांची पाठ वरखाली होताना दिसत होती. एक म्हातारे आजोबा मन लावून नमस्कार करत होते, तेवढ्यात देवीच्या खांद्यामागून सरांचं घामेजलेलं तोंड वर आलं आणि त्यांनी विचारलं, बघा हो, पडद्यावर काही येतंय का. आजोबा बिचारे दोन पावलं मागे सरले आणि नाही म्हणाले.

सरांच्या जेवणाचा प्रश्न त्याहून अवघड होता. घरभर पुरणाचा वास, आणि सर बाहेरचे, त्यांना रोट देता येईना. आमच्या घराण्यात जावईही परक्या कुळाचा, म्हणून त्यालाही नाही. शेवटी शेजारणीच्या चुलीवर शिरापुरी झाली आणि सर आणि नवापूरचे जावई ओट्यावर पाठीला पाठ लागेल असे बसून, आतल्या पंगतीकडे न बघता, शिरा खात होते. जावई फार सज्जन होता. त्याने सरांना कोंबड्यांच्या शेडमधले पंखे बंद पडले तर काय करावं हे विचारून घेतलं. जेवण झाल्यावर सरांनी पट्टा चढवला आणि जिभाऊला बाजूला घेऊन सांगितलं की कार्डच उडालेलं दिसतंय, नवं आणावं लागेल, ते आपल्याकडे मिळायचं नाही, सुरतेला मिळेल.

सुरत हा शब्द अप्पांनी ऐकला. पंगत उठून सगळे सुपारी कातरत बसले होते, आणि अप्पा हिरामणकाकांना मोठ्याने सांगायला लागले की पोराने वर्ष घालवलं, मी आधीच म्हणत होतो, असल्या नाजूक वस्तूवर घर चालत नसतं, उद्या तो मामाकडे जाईल आणि वाटलं तर तिकडून कार्ड पाठवील. काल हे सगळं मी माझ्या हाताने जोडून दिलं, एकेक स्क्रू आवळून, वस्तूच दमदार नाही त्याला मी काय करू, असंही वर. बेबी माझ्याकडे बघत होती. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, आणि दोन्ही गिळून मी बॅटरी घेऊन फटीशी उभी राहिले, कारण जिभाऊ पुन्हा हातपाय धुऊन आत गेला होता. त्याला आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. माणूस दुखऱ्या दाताला पुन्हा पुन्हा जीभ लावतो तसा तो कार्डाकडे जात होता. त्याने ते ओढलं, ते हातात आलं, आणि तो ते हातात धरून तसाच थांबला.

“सुमे,” तो हळू म्हणाला, “हाई कार्ड इतलं अलगद कसं काय निंघस?”

मला काही कळलं नाही. मग मला हळूहळू कळलं, आणि वाचणाऱ्यांनाही सांगते. मूळ डब्याला पडद्याची वायर लावायची एक जागा असते, वरच्या बाजूला. पण वेगळं कार्ड बसवलं की चित्र फक्त त्या कार्डाच्या स्वतःच्या जागेतून येतं, ती खालच्या बाजूला, आणि वरची जागा मुकी होते. वायर कार्डाला स्क्रूने आवळलेली असली, तर ती सोडवल्याशिवाय कार्ड बाहेर येऊच शकत नाही. सकाळपासून ते जिभाऊने काढलं, सरांनी काढलं, चुलीशेजारी जाऊन आलं, आणि एकदाही त्याला वायर आडवी आली नव्हती. जिभाऊने भिंत आणि डबा यांच्यात मनगट घुसवलं. अप्पांनी वायर वरच्या, कंपनीच्या मूळ जागी लावली होती. त्यांचं बरोबरच होतं, मेनवरून डायरेक्ट मिळत असताना खालच्या जोडकामातून कोण घेईल. आणि ती अशी आवळली होती की जिभाऊची बोटं सोलली, मग मी चोरून अप्पांच्याच पेटीतला स्क्रूड्रायव्हर आणून दिला.

घूं झालं, आणि पेटीवरचा पडदा निळा झाला. बायांचं गाणं मध्येच थांबलं. सगळी भाऊबंदकी दारात गोळा झाली, काय होतं, काय होतं, असं सगळेच एकदम विचारायला लागले. जिभाऊ फटीतून बाहेर आला, कोपरापर्यंत चुना लागलेला. त्याने अप्पांकडे पाहिलं. अप्पा सुपारी हातात तशीच धरून उभे होते. मी तोंड उघडलं, तेवढ्यात जिभाऊने सहज पाय टाकावा तसा माझ्या पायावर पाय दिला.

“काही नही,” तो म्हणाला. “कार्ड जराखं ढिलं व्हतं.”

“मी सकायपाईन तेच ते सांगी ऱ्हायनू,” अप्पा सगळ्यांना म्हणाले, “ढिलाई शे.”

सीडी निघाली. संध्याकाळी टीव्हीपुढे खोली, ओटा आणि खिडक्या भरून माणसं. बेबी एका कमळातून उमलली. जावई बर्फाच्या डोंगरावरून घोड्यावर आला, मागे आमच्या गावचा बँड, वर हंस. हिरामणकाका स्वतः तीन हृदयांच्या आत एकाच वेळी पाणी पिताना दिसले आणि खोलीभर हशा झाला, त्यात सगळ्यांत मोठा त्यांचाच. जावयाने तर नवापूरला त्याच्या मावसभावाचं लग्न ठरलंय, तेही याच हाताचं हवं, असं जिभाऊला सांगितलं, फक्त घोड्याऐवजी मोटार टाकता येईल का, असं विचारलं. अप्पा एका जागी बसून बघत होते. ते हसलेही, पण सोमवारच्या गाडीबद्दल काही बोलले नाहीत. जिभाऊची पिशवी मायने भरून दाराशी ठेवलीच होती.

सोमवारी कानबाई नदीवर गेली. परत आल्यावर मखर निघाली, चौरंग उचलला, आणि पत्र्याची पेटी जागेवर सरकवायला अप्पांनी डबा पुढे ओढला. मी मागेच झाडत होते. डब्याची पाठ त्यांच्याकडे झाली. पडद्याची निळ्या तोंडाची वायर खालच्या जागेत होती, आणि वरची जागा रिकामी, तिच्या भोवती चुन्याच्या बोटांचे ठसे, चांगले जाड, शेतकऱ्याच्या, म्हणजे अप्पांच्याच बोटांचे. अप्पा उकिडवे बसले. त्यांनी खिशातला टेस्टर काढला, काही न करता परत खिशाला लावला. मला वाटलं आता ते जिभाऊवर ओरडतील, माझं काम न विचारता बदललं म्हणून. राग आला की ते कोणावर तरी काढायचे, कोणावर हा प्रश्न नंतरचा. पण ते उठले आणि फोनपाशी गेले. त्यांना वाटलं खोलीत कोणी नाही. मी केरसुणी घेऊन दाराआड सरकून उभी होते, आणि पलीकडून मामा काय म्हणत होता ते मला ऐकू येत नव्हतं, यांचंच तेवढं येत होतं.

“रमेश, पोऱ्याले नही धाडत मी,” अप्पा म्हणाले. मग थोडं ऐकून म्हणाले, “नही, बिमार काही नही.” मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, “वायर मीच चुकाडी व्हती. त्याले दखायनं बी. आख्खी भाऊबंदकीना मोऱ्हे तो एक सबद बोलना नही. इतला गम खावाले जो पोऱ्या शिकना, त्याले सुरतमा तू आखो काय शिकाडशी?”